आधी ताट पाठवा, मग ‘आनंद करा’ म्हणा : मंडळ्यांच्या पाळकांना व पंचांना खुले पत्र

प्रति,
अहिल्यानगर जिल्ह्यातील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे आदरणीय पाळक, पंच आणि उपासना समित्यांचे सभासद यांस,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

मी या जिल्ह्यातल्या (आपण अजूनही नगरच म्हणतो) एका खेड्यातील मंडळीची सभासद आहे. निवृत्त शिक्षिका, वय 67. तीस वर्षे संडे स्कूल घेतले, दोन वेळा पंच (मंडळीच्या कारभार समितीची सभासद) म्हणून निवडून आले आणि एकदा पडले. हे एवढ्यासाठी सांगते की पुढे जे लिहीत आहे ते बाहेरून पाहणाऱ्याचे नाही, आणि त्यातल्या दोषाचा मोठा वाटा माझ्याही पदरी आहे.

गेली काही वर्षे आपल्या पुलपिटांवरून (उपदेशाच्या व्यासपीठांवरून) एक वचन वारंवार ऐकू येते. बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकातील आठव्या अध्यायाचे दहावे वचन, म्हणजे परमेश्वराविषयीचा आनंद हाच तुमचा आश्रयदुर्ग होय, हे आता वाढदिवसाच्या कार्डावर आहे, घराच्या दारावरच्या स्टिकरवर आहे आणि मयताच्या घरी होणाऱ्या प्रार्थनेतही आहे. वचन खरे आहे याविषयी माझ्या मनात शंका नाही. मी त्याच्या आधारावर जगले आहे. परंतु ते ज्या रीतीने दुःखी माणसाच्या पुढ्यात ठेवले जाते ती रीत नहेम्याची नाही, आणि ती बदलावी अशी विनंती करण्यासाठी हे पत्र आहे.

2021 च्या एप्रिलमध्ये माझे पती कोरोनाने गेले. ते दिवस आपणा सर्वांना आठवतात. अंत्यविधीला घरची आम्ही दोघे आणि पीपीई किट घातलेली चार माणसे होतो, पाळकसाहेबांनी फोनवरून प्रार्थना केली आणि त्यांचा आवाज मध्येच तुटत होता. त्यांना दोष देत नाही, कारण त्या आठवड्यात त्यांना असे किती फोन करावे लागले असतील ते मला ठाऊक आहे. पुढे उपासना सुरू झाल्या तेव्हा बाहेरगावच्या एका वक्त्यांना बोलावले होते. ते म्हणाले की ज्याच्या डोळ्यांत अजून पाणी आहे त्याच्या विश्वासात कुठेतरी भोक आहे, आणि मग सर्वांना हात वर करून हसण्यास सांगितले. मी हात वर केला. माझ्या शेजारच्या बाकावर एकाच महिन्यात आई आणि भाऊ गमावलेली एक तरुण मुलगी बसली होती, तिनेही हात वर केला. ती त्यानंतर मंडळीत आली नाही. ती कुठे जाते हे मला माहीत आहे, परंतु ते येथे लिहिण्याचे कारण नाही. ज्या ठिकाणी जाते तेथे तिचे ऐकून घेतात, एवढेच ती मला म्हणाली.

नहेम्याचे ते वचन मी त्यानंतर संपूर्ण अध्यायासह अनेकदा वाचले, आणि तीस वर्षे मुलांना शिकवूनही आपल्या लक्षात जे आले नव्हते ते तेव्हा आले. सातव्या महिन्याचा पहिला दिवस आहे, यरुशलेमेत पाणीवेशीसमोरच्या चौकात लोक जमले आहेत, एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो आहे, आणि ऐकता ऐकता लोक रडू लागतात. त्यांना सांगितले जाते की रडू नका, आजचा दिवस पवित्र आहे. आपण येथे थांबतो आणि थेट आश्रयदुर्गावर उडी मारतो. पण मध्ये एक वाक्य आहे. जा, चांगलेचुंगले खा, गोड प्या, आणि ज्यांच्या घरी काहीच शिजलेले नाही त्यांच्यासाठी वाढून पाठवा. आनंदाच्या आज्ञेच्या आधी ताट पाठवण्याची आज्ञा आहे. ज्याची चूल पेटलेली नाही त्याला आनंद करण्यास नुसते सांगितलेले नाही. ज्याची पेटली आहे त्याला त्याच्या दारापर्यंत जाण्यास सांगितले आहे. त्याच अध्यायात पुढे लोकांनी तसे केले असेही लिहिले आहे.

बरे, हा अध्याय आठवा आहे. पाचव्या अध्यायात काय घडले ते मंडळीत फारसे वाचले जात नाही. तेथे शहराच्या कोटाचे काम चालू असतानाच माणसे ओरडत आली आहेत की धान्यासाठी आम्ही शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण टाकली, राजाचा कर भरण्यासाठी कर्ज काढले, आणि आता आमची मुले-मुली दास्यात जात आहेत. कर्ज देणारे परके नव्हते, त्यांचेच भाऊबंद होते. त्या कामाचा पुढारी नहेम्या संतापला, त्याने त्या प्रतिष्ठितांना सभेत उभे केले, व्याज बंद करण्यास आणि शेते-घरे परत देण्यास लावले, आणि त्यांच्याकडून तशी शपथ घेतली. त्यानंतर कोट एकूण 52 दिवसांत पुरा झाला आणि मग तो चौकातला दिवस आला. गहाण पडलेल्या शेताचा निकाल लागल्यानंतरच्या माणसांना सांगितलेले ते वचन आहे. आपल्या मंडळीतल्या ज्या बहिणीच्या दारात बचतगटाच्या आणि फायनान्स कंपनीच्या हप्त्याची माणसे दर आठवड्याला बसतात, तिच्या हातात आपण त्यातला फक्त शेवटचा तुकडा देतो.

आणि रडण्याचे काय झाले? ते रद्द झाले नाही. मांडवांचा सण आठवडाभर झाला, आणि त्याच महिन्याच्या 24 व्या दिवशी तीच माणसे उपास करून, गोणपाट नेसून, डोक्यात धूळ घालून पुन्हा एकत्र आली. म्हणजे रडण्याला त्यांनी पुढची तारीख दिली, आणि त्या तारखेला सगळे हजर राहिले. आपल्या वार्षिक कार्यक्रमपत्रिकेत कापणीचा सण आहे, स्नेहसंमेलन आहे, नाताळाच्या गव्हाणीची स्पर्धा आहे. 24 वा दिवस कुठे आहे?

‘आश्रयदुर्ग’ या शब्दाविषयी एक गोष्ट येथे सांगावीशी वाटते. इंग्रजी बायबलात त्या ठिकाणी नुसता ‘बळ’ अशा अर्थाचा शब्द येतो, पण आपल्या रोजच्या वापरातल्या पवित्र शास्त्राने ‘दुर्ग’ शब्द घातला, आणि दुर्ग म्हणजे काय हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. शाळेच्या सहली घेऊन मी किती गडांवर गेले असेन. तिथे मुले तोफ शोधतात आणि म्हाताऱ्या शिक्षिका पाण्याचे टाके शोधतात. तट कितीही उंच असला तरी टाके कोरडे आणि अंबरखाना रिकामा असेल तर गड लढत नाही. परमेश्वराचा आनंद हा दुर्ग असेल तर त्याचे टाके कोणी भरायचे, हा प्रश्न पुलपिटावर उभ्या असलेल्या माणसाला आणि समोर बसलेल्या आम्हाला सारखाच लागू आहे.

1972 च्या दुष्काळात मी चौदा वर्षांची होते. आई खडी फोडायला जात असे. कामावर मिळणारी सुकडी ती पदरात बांधून आणी, आणि रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी तव्यावरच फुटत असे. तरीही त्या वर्षातली मला आठवणारी आई रडकी नाही. खडीच्या ढिगाशी बायका ओळीने बसत, त्यात आमच्या चार-पाच घरच्या ख्रिस्ती बायका आणि बाकीच्या गावच्या, आणि हातोडीच्या ठेक्यावर एकीने ओवी म्हणावी, दुसरीने ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे भजन म्हणावे, असे चाले. कुणाचे कुठले हे कुणी विचारले नाही. घरी आल्यावर ती भाकरीच्या पिठातून आधी एक मूठ मंडळीच्या डब्यात टाकी, आणि आम्ही भावंडे त्या मुठीकडे अशा नजरेने बघत असू की आज लाज वाटते. तो डबा दर शनिवारी कुणाच्या तरी घरी रिकामा होई, आणि कुणाच्या ते लहान मुलांना सांगत नसत. पुष्कळ वर्षांनी कळले की दोनदा तो आमच्याच घरी रिकामा झाला होता.

हा काही माझ्याच घराचा पराक्रम नाही. ज्यांचे नाव आपण नाताळातल्या भाषणांत घेतो त्यांची आयुष्ये याच क्रमाने गेली आहेत. पंडिता रमाबाईंनी 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गमावली, 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती पटकीने गेले, तेव्हा त्या अवघ्या तेवीस वर्षांच्या होत्या आणि कडेवर लेक मनोरमा होती. भूक म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तेथे गेल्या आणि सुमारे 300 स्त्रिया व मुली घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यांच्यासाठी निवारा उभा राहिला, विहिरी खोदल्या गेल्या, मुलींनी शेत कसले आणि छापखाना चालवला. 1900 च्या सुमारास गुजरातेतून आणखी शेकडो आल्या. आणि मग 1905 मध्ये त्यांच्या या केडगावच्या संस्थेत, मुक्ती मिशनात, ते मोठे आत्मिक जागरण झाले, ज्याविषयी आजही दूरदूरच्या देशांत लिहिले जाते. आपण त्या 1905 च्या गोष्टी मोठ्या उत्साहाने सांगतो. त्याआधीची आठ-नऊ वर्षे अन्न, औषध, विहीर आणि पाटी-पेन्सिल यांत गेली हे सांगताना आवाज खाली येतो. ज्या मुलींनी तेव्हा आनंदाने आरोळ्या दिल्या, त्यांतल्या कित्येकींना त्याआधी कुणीतरी जेवू घातले होते.

रमाबाईंच्या शेवटच्या वर्षाकडे मी अलीकडे पुन्हा पुन्हा वळते. 1921 च्या जुलैमध्ये मनोरमाही गेली. जिने पुढे संस्था सांभाळायची ती एकुलती एक मुलगी गेली, आणि रमाबाई मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलच्या भाषांतराची मुद्रिते तपासत राहिल्या. 1922 च्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. त्या महिन्यांत त्या हसत होत्या की रडत होत्या हे मी सांगू शकत नाही, पण एवढे दिसते की त्यांच्या हाताला काम होते आणि भोवती शेकडो जणी होत्या. विश्वासाचे बळ म्हणतात ते मला या दोन गोष्टींहून फारसे वेगळे काढून दाखवता येत नाही.

रेव्हरंड टिळकांविषयी आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंविषयी मी नगरच्या माणसांना काय सांगावे? 1895 मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा लक्ष्मीबाईंच्या संसाराचे दोन तुकडे झाले, आणि काही वर्षांच्या ताटातुटीनंतर 1900 मध्ये त्यांनी स्वतःच्या पायांनी चालत हा विश्वास पत्करला. ज्या बाईने हे सोसले तिच्या आठवणी वाचताना आपण पानोपानी हसतो. तो विनोद दुःख लपवण्यासाठी नाही, कारण दुःख तिने कुठेही लपवलेले नाही. रडवेल्या प्रसंगातही समोरचा माणूस पुरता दिसतो म्हणून तो विनोद येतो. टिळकांनी तर आपल्याला अभंगच दिला, म्हणजे तक्रारीची, रुसण्याची, भांडण्याची सगळी सोय असलेला छंद दिला. पांडुरंगाशी उघड भांडणाऱ्या तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते मानत. असे असता त्यांच्या गावच्या मंडळ्यांत देवाजवळ गाऱ्हाणे करणे हे अविश्वासाचे लक्षण ठरावे, यापरती उलटी गोष्ट नाही. ‘उपासना संगीत’ उघडून पाहा, त्यातली व्याकूळ करुणेची गीते आपण अलीकडे कधी गायलो? तरुण मुले कीबोर्डवर जी नवी गाणी म्हणतात त्यांना माझा विरोध नाही. मीही टाळी देते, फक्त माझी टाळी चुकते. पण वर्षाच्या 52 रविवारी एकाच रसाची गाणी म्हणायची असतील तर दुःखी माणसाने कोणत्या रविवारी यावे?

आपणांपैकी काही जण म्हणतील की प्रेषित पौलाने तर सर्वदा आनंद करा असे लिहिले आहे, आणि तेही बेड्यांत असताना. होय, लिहिले आहे. पण फिलिप्पैकरांस लिहिलेले ते पत्र मुळात एका पोहोचलेल्या मदतीची पावती आहे. त्या गरीब मंडळीने एपफ्रदीताच्या हाती तुरुंगातल्या पौलासाठी मदत पाठवली होती, तो माणूस आजारी पडून मरणाच्या दारी गेला होता, आणि तो वाचला नसता तर मला दुःखावर दुःख झाले असते, असे पौल त्याच पत्रात लिहितो. आनंदाची आज्ञा आणि दुःखाची कबुली दोन पानांच्या अंतरावर आहेत. शिवाय त्याच पौलाने दुसऱ्या पत्रात आनंदाला आत्म्याचे फळ म्हटले आहे. डाळिंबाची बाग असलेल्या पंचांना मी काय सांगावे? बहार धरावा लागतो, पाणी तोडावे लागते, मग सोडावे लागते, छाटणी लागते आणि महिने जातात. झाडासमोर उभे राहून फळ दे म्हणून ओरडणारा शेतकरी मी पाहिला नाही.

हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या शेवटच्या ओळीही आपण अशाच अर्ध्या घेतो. अंजीर फुलले नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचे पीक बुडाले, शेतात अन्न नाही, मेंढवाड्यात मेंढरे नाहीत, गोठ्यात गुरे नाहीत : तो आधी सहा नुकसाने एकेक करून मोजतो, तलाठ्याने पंचनामा करावा तशी, आणि मग ‘तरी’ म्हणून आनंदाकडे वळतो. मला त्या पंचनाम्याची फार गरज वाटते. गारपिटीनंतर तलाठी येऊन नोंद करून गेला तर भरपाई मिळो न मिळो, आपले नुकसान कुणीतरी लिहून घेतले एवढ्यानेही माणूस जरा सरळ बसतो. मंडळीने निदान एवढे तरी करावे.

माझ्या बाबतीत ते एका शेजारणीने केले, त्याविषयी लिहून मग मागण्यांकडे येते. त्या आमच्याच मंडळीतल्या, माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या, निरक्षर. संसर्गाची भीती असताना त्या पहिल्या दिवसापासून संध्याकाळी डबा घेऊन अंगणाच्या कडेला येत, पिठले-भाकरी कट्ट्यावर ठेवत आणि दहा हात लांब बसून राहत. वचन सांगत नसत, कारण त्यांना ते वाचता येत नसे. पाठ असलेले एक भजन मात्र म्हणत, आणि दुसरे कडवे नेमके विसरत, त्यामुळे पहिले कडवे पुन्हा सुरू होई. पंधराव्या का सोळाव्या दिवशी त्यांनी ते चौथ्यांदा सुरू केले आणि मला हसू आले. मोठ्याने आले. पतीच्या निधनाला तीन आठवडे झालेले नव्हते आणि मी अंगणात हसत होते, त्याही हसत होत्या, आणि मग आम्ही दोघीही रडलो, आणि मी पहिल्यांदा पुरी भाकरी खाल्ली. एज्राच्या पुस्तकात मंदिराचा पाया घातला तेव्हाच्या प्रसंगाविषयी लिहिले आहे की म्हाताऱ्यांचे रडणे आणि बाकीच्यांचा जयघोष यांतला आवाज कुणाला वेगळा ओळखता येईना. तो आवाज मी माझ्या अंगणात ऐकला आहे. तो देवाकडून आला यात मला शंका नाही, आणि तो डब्यातून आला यातही नाही.

आता विनंत्या. महिन्यातून एका रविवारी विलापाचे एक स्तोत्र पूर्ण वाचावे, मधले कडू भाग न गाळता. 88 वे स्तोत्र अंधारातच संपते, त्याच्यापुढे घाईघाईने 23 वे जोडू नये. साक्षीच्या वेळेत ज्यांची अडचण सुटली त्यांच्याबरोबर ज्यांची अजून सुटलेली नाही त्यांनाही उभे राहू द्यावे, आणि त्यांचे बोलून झाल्यावर कुणीही त्यांना उत्तर देऊ नये. बाहेरच्या वक्त्यांना बोलावताना, मयत झालेल्या घरांची नावे त्यांना आधी सांगावीत. प्रत्येक मंडळीने आपल्या कार्यक्रमपत्रिकेतला 24 वा दिवस ठरवावा. तो उपवासकाळात असावा की जूनमध्ये, पेरणीच्या काळजीच्या दिवसांत, हे ज्याचे त्याने पाहावे.

पैशाविषयी लिहिताना माझी मान खाली जाते. मी पंच असताना नव्या साउंड सिस्टीमचा ठराव आला होता, त्याच बैठकीत गरीब फंडातून एका आजारी सभासदाच्या दवाखान्याच्या डिपॉझिटची मागणीही होती, आणि फंडात पुरेशी शिल्लक नसल्याने ती पुढच्या बैठकीवर ढकलली गेली. साउंड सिस्टीमच्या बाजूने मी हात वर केला होता. त्या सिस्टीमवरूनच पुढे मला आनंद करण्यास सांगण्यात आले, तेव्हा तक्रार कुणाकडे करावी? म्हणून माझी मागणी अशी की गरीब फंडाचा निर्णय बैठकीची वाट न पाहता पाळक व दोन पंचांना 24 तासांत घेता यावा, त्याचा आकडा वार्षिक अहवालात इमारत फंडाच्या आधी छापावा, आणि कर्जाच्या हप्त्यांत अडकलेल्या कुटुंबांशी बोलण्यासाठी आपल्याच मंडळीतल्या बँकेतून निवृत्त झालेल्या माणसांना बसवावे. त्यांना मोठमोठे उपदेश येत नसतील, पण व्याज मोजता येते, आणि नहेम्याला त्या दिवशी तेच करावे लागले होते.

आणि डब्यांची यादी. ज्या घरात मयत किंवा मोठे आजारपण आहे तेथे निदान महिनाभर संध्याकाळचा डबा कोण देणार याचा कागद उपासनेच्या दारात लावावा, जसा फुलांच्या पाळीचा लावतो. त्यावर बुधवारी माझे नाव लिहावे. गुडघ्यामुळे मला लांब चालवत नाही, तेव्हा घर वेशीच्या आतले असेल तर बरे. बाहेरचे असेल तर नातू सायकलवर नेईल, पण मग भाजी रस्सेदार करता येणार नाही.

ख्रिस्तात आपली,
मंडळीची एक सभासद